डाग चोरीला गेल्याची तक्रार

मी आतापर्यंत तीन वेळा मेलो आहे. पहिल्यांदा दंगलीत, दुसऱ्यांदा कॉलऱ्याने. तिसऱ्यांदा कशाने मेलो ते कोणी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, पालथा पड आणि पोट हलवू नको. तिन्ही वेळा जेवण चांगलं होतं. चौथ्या वेळी तर मला मरण्याआधी एक वाक्य मिळणार होतं: ‘मैंने कुछ नहीं किया, साहब.’ आरशासमोर मी ते बारा प्रकारे म्हणून पाहिलं होतं. त्यातले दोन प्रकार बरे होते.

दोन वर्षांपासून वर्ध्यात शूटिंगवाल्यांची रीघ लागली आहे. मुंबई महाग, नागपूरही महाग होत चाललेलं, आणि इकडे आलं की काहीतरी अनुदान मिळतं म्हणे. गंमत अशी की वर्ध्यात येऊन वर्धा कोणीच शूट करत नाही. सिंदी मेघेतली आमची गल्ली आतापर्यंत बिहार झाली, कानपूर झाली आणि मागच्या हिवाळ्यात दोन दिवस शत्रुराष्ट्रही झाली. त्या दोन दिवसांत माझ्या आईने शत्रुराष्ट्रात दोन गाद्या वाळत घातल्या आणि एका अतिरेक्याला चपलांसकट ओट्यावर चढला म्हणून खाली उतरवलं.

आईचं नाव अनुसयाबाई. ती मेस चालवते. कॉलेजची पोरं, दवाखान्यातल्या दोन नर्सा आणि एक एकटा राहणारा बँकवाला असे तिचे बावीस डबे. बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्याच वर्षी आम्ही रूपरावांच्या घराच्या खालच्या तीन खोल्यांत भाड्याने आलो. याला एकोणीस वर्षं झाली. रूपराव आणि कौशल्याकाकू वर राहतात. मधे आमचं छत आणि त्यांची फरशी, दोन्ही एकच.

शूटिंगवाले आल्यापासून पहिल्यांदा चहावाल्यांचं भलं झालं, मग गाडीवाल्यांचं, मग माझ्यासारख्या मरायला तयार असलेल्यांचं. आईचेही डबे वाढले. मग घरमालकांचं भलं सुरू झालं आणि तिथं गाडी घसरली. ‘खोली भाड्याने देणे आहे’ या पाट्या उतरल्या. त्याच पाट्या उलट्या करून ‘शूटिंगकरिता घर मिळेल’ असं लिहिलं गेलं. महिन्याचं भाडं जाऊन दिवसाचं भाडं आलं. बाजूच्या रीता मॅडम समुद्रपूरला राहायला गेल्या आणि रोज एसटीने वर्ध्यात शिकवायला येऊ लागल्या. पूर्वी मास्तर लोक वर्ध्यात राहून समुद्रपूरला शिकवायला जायचे.

त्यातही जुन्या घराला भाव जास्त. पडकं असेल तर दीडपट. समोरच्यांनी दिवाळीत लावलेल्या टाइल्स होळीपर्यंत उखडून टाकल्या. रामाजी पेंटर, ज्याने अर्ध्या सिंदी मेघेला रंग दिला, तो आता रंग घालवायची कामं घेऊ लागला. पोपडे काढून देणे, काजळी धरवून देणे, सांगाल त्या ठिकाणी भेग. अशा बाजारात रूपराव अचानक दूरदृष्टीचे ठरले, कारण त्यांनी एकोणीस वर्षांत आमच्या भिंतीला बोट लावलं नव्हतं.

आमच्या पुढच्या खोलीत एक ओलीचा डाग होता. मी पहिलीत असताना तो वांग्याएवढा होता. मी बीकॉम झालो तेव्हा तो म्हशीएवढा झाला. दरवर्षी मृगाच्या आधी आई वर जाऊन सांगायची, “भाऊजी, भिंत ओली होऊन राह्यली.” रूपराव म्हणायचे, “पुढच्या वर्सी पाहू.” या दोन वाक्यांवर दोघांचे संबंध फार चांगले टिकले होते.

फेब्रुवारीत योगेंद्र आला. हा नागपूरचा, शूटिंगसाठी जागा शोधून देणं हे त्याचं काम. त्याच्यासोबत दिग्दर्शक. दिग्दर्शक दारातून आत आला, डागासमोर थांबला आणि पंधरा मिनिटं थांबलाच. आईने चहा ठेवला, तो निवला. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, “इस दीवार में दर्द है.”

“दर्द नाई जी,” आई म्हणाली, “वरच्या टाकीचा पाइप हाय.”

पाच दिवस शूटिंग झालं. आम्ही मागच्या खोलीत राहिलो. नायिका डागाकडे बघून तीन वेळा रडली. सगळं नीट पार पडलं आणि दिग्दर्शक सांगून गेला की उरलेला अर्धा सिनेमा मे महिन्यापासून, याच घरात, याच भिंतीसमोर. माझं वाक्यही त्याच अर्ध्यात होतं.

मग एप्रिलच्या दहा तारखेला रूपराव जिना उतरून खाली आले. ते खाली आले म्हणजे काहीतरी आहे; एरवी ते वरूनच ओरडतात.

“अनुसयाबाई, तीस तारखेपर्यंत खोल्या खाली करा लागते.”

“काऊन बा?”

“शूटिंगवाले तीन महिने घेऊन राह्यले. खालचं पुरं घर. दिवसाचा भाव ठरला.”

“अन् तीन महिन्यांनंतर?”

“मंग दुसरे येतीन. लाइन लागली हाय.”

“भाऊजी, बावीस डबे हायेत माहे. आमी कोठी जावं?”

रूपरावांना खरंच वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, “हे पाहा, म्या कधी तुमाले तरास देल्ला का? एकोणीस वर्सांत एकदा तरी तुमच्या भिंतीले हात लावला का?”

“नाई,” आई म्हणाली. “थेच तं.”

आमचा करार तोंडी. दर महिन्याला वर जायचं, भाडं द्यायचं, काकूंच्या हातचा चहा प्यायचा, एवढाच कागद. त्यामुळे घर शोधणं भाग होतं. आर्वी नाक्यावर गोपाल म्हणून एक एजंट आहे, तो खोल्याही दाखवतो आणि गर्दीसाठी माणसंही पुरवतो. माझी तिन्ही मरणं त्यानेच मिळवून दिलेली. त्याने पहिली खोली दाखवली ती प्रशस्त होती.

“एकच हाय काकू,” गोपाल म्हणाला, “सोमवार ते बुधवार इथी खून होते. गुरुवारपासून तुमचंच घर.”

“अन् रक्त?”

“थे पुसाचं नाई. बाकी नळ चोवीस तास.”

दुसऱ्या घराचा मालक भाडंच नको म्हणाला. अट एवढीच की बाहेरचे लोक घर पाहायला आले की आम्ही जुने कपडे घालून ओट्यावर बसायचं. आईने स्वतःच्या लुगड्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मंग हे काय नवं हाय का?” मालक म्हणाला, “नाई, परफेक्ट हाय.” तिथून ती चहा न पिता उठली. विदर्भात याला मोठं भांडण समजतात.

तिसरं घर पुलगावला. दोन खोल्या, मालक सज्जन, भाडं रास्त. तिथं दारूगोळ्याचं भांडार असल्यामुळे शूटिंगवाले फिरकत नाहीत. खोटा बॉम्ब फोडला तर खरी माणसं धावत येतात. पण पुलगावहून बावीस डबे रोज सकाळी रेल्वेने आणायचे म्हणजे वरण वर्ध्याला पोचेपर्यंत कढी होणार. डबे गेले की मेस गेली, मेस गेली की आम्ही गेलो. वर्धा आल्यावर आई एवढंच म्हणाली, “मी कोठी जाऊन नाई राह्यली.”

पंचवीस तारखेला मी खोकी आणली. आईने भांडी बांधायच्या ऐवजी रामाजीला बोलावणं पाठवलं आणि पाटीभर कळीचा चुना पाण्यात सोडला.

आता हे सांगायला हवं. आईच्या माहेरी एक रीत आहे. भाड्याचं घर सोडताना ते झाडून, सारवून, भिंतींना पोतारा मारून मालकाच्या हाती द्यायचं. घाण घर मागे ठेवून जाणारी बाई म्हणजे, आईच्या शब्दांत, “नाव सांगाच्या लायकीची नाई.” आजीने अशी चार घरं सोडली आणि चारही मालकांनी तिला निरोपाला साडी दिली. हे मला माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी तिला बाजूला घेतलं.

“आई, त्याइले तो डागच पायजे. डागासाठीच तं घर घेऊन राह्यले थे. अर्धा पिक्चर त्याच्यासमोर झाला.”

“मले माईत हाय,” आई म्हणाली आणि तिने कुंचल्याने चुना ढवळला.

“माहं वाक्य हाय त्यात,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. “घर नसलं तं कोठून बोलशीन? शिडी धर.”

शिडी आमच्याकडे नव्हती. ती वरून कौशल्याकाकूंनी दिली, रूपराव दुपारी झोपलेले असताना, आवाज होऊ नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना पोती बांधून. त्या नुसती देऊन थांबल्या नाहीत. “एकतीस वर्सं झाले लग्नाले,” त्या कुजबुजल्या, “थो मानूस पुढच्या वर्सीच पाहून राह्यला. मारा तुमी.”

रामाजी गच्चीवर गेला आणि अर्ध्या तासात खाली आला. पाइपचा एक कोपरा फुटला होता. त्याने तो बदलला. एकोणीस वर्षांचं दुखणं एका प्लास्टिकच्या कोपऱ्यात होतं. मग त्याने ओली जागा खरवडली, शेगडी लावून वाळवली, खड्ड्यांत लांबी भरून भिंत सपाट केली. हे करताना दोनदा त्याने सपाट जागी भेग पाडायला घेतली. मी विचारलं, बरं नाही का? तर म्हणाला, “दीड वर्स झालं भाऊ, एकबी भिंत चांगली केली नाई म्या. सवय मोडली होती.” पैसे त्याने घेतले नाहीत. दोन भाकऱ्या आणि झुणका खाऊन गेला. त्या रात्री आईने पहिला हात दिला, सत्तावीस तारखेला दुसरा. संध्याकाळी पुढची खोली अशी दिसत होती की आम्हीच दार वाजवून आत गेलो.

अठ्ठावीसला सकाळी रूपराव आणि योगेंद्र घर ताब्यात घ्यायचं ठरवायला आले. योगेंद्रने दारात चप्पल काढली, आत पाहिलं आणि भिंतीशी जाऊन दोन्ही तळवे टेकवले, जसं कोणी गेल्यावर करतात.

“कुठं गेला?” त्याने विचारलं.

“कोन?” आई म्हणाली.

“डाग, बाई! डाग!”

“घर सोडून राह्यलो नं. स्वच्छ करून द्या लागते. आमच्याकडं रीत हाय.”

रूपरावांनी शेवटी भिंतीला बोट लावलं, ते पांढरं निघालं. मग ते म्हणाले, “पोलिसात देतो.” आणि खरंच निघाले. आईने गॅस बंद केला, पदर खोचला आणि आम्ही पण गेलो, त्यांच्याच स्कूटरच्या मागे, आमच्या सायकलवर.

चौकीत हवालदाराने वही उघडली. “काय चोरीले गेलं?”

“डाग,” रूपराव म्हणाले.

हवालदाराने टेकवलेला पेन उचलला. “कशाचा?”

“ओलीचा. भिंतीवरचा. एवढा.” रूपरावांनी हात पसरले, ते एका बाजूने फायलींच्या कपाटाला लागले.

“कोनं नेला?”

“या बाईनं. भिंतीले चुना देल्ला.”

“कोनाच्या भिंतीले?”

“माह्या.”

“चुन्याचे पैसे कोनं देल्ले?”

“बाईनंच.”

“म्हंजे भाडेकरूनं सोताच्या पैशानं तुमचं घर साफ केलं, अन् तुमी तक्रार द्याले आले.”

“पाइपबी दुरुस्त केला साहेब!” रूपराव रडकुंडीला आले होते.

हवालदार मान डोलवत राहिला. मग माझ्याकडे वळला. “अन् तू काय केलं बे?” माझं वाक्य इथं चपखल बसत होतं, पण मी शिडी धरली होती. खोटं बोलवेना. “शिडी धरली,” मी म्हणालो. हवालदाराने दोन जाडी पुस्तकं चाळली, एका साहेबाला फोन लावला, साहेब बराच वेळ हसला असावा, कारण हवालदार रिसीव्हर कानापासून लांब धरून बसला होता. शेवटी त्याने वही मिटली. “काकाजी, असं कलम नाई. कोनी घर घाण केलं असतं तं पाहिलं असतं.”

आम्ही उठलो. दारापर्यंत गेलो तोवर हवालदार मागून आला. आवाज उतरवून आईला म्हणाला, “मावशी, चुना पाकिटाचा का कळीचा?”

“कळीचा. आदल्या दिवशी भिजवाचा. मीठ टाकजो थोडं, धरते चांगला.”

“माह्याबी मालकानं पंधरा तारीख देल्ली हाय,” हवालदार म्हणाला.

त्या रविवारी आमच्या गल्लीत नऊ घरं पांढरी झाली. नऊही घरांतल्या भाडेकरूंना नोटीस होती. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. फक्त कुंचले फिरत राहिले, आणि ज्यांच्याकडे कुंचला नव्हता त्यांनी जुनी पोती वापरली. मालक लोक ओट्यांवर उभे राहून ओरडत होते, “राहू द्या हो, घाणच राहू द्या!” आणि बाया म्हणत होत्या, “अशी कशी राहू द्यावं जी, लोकं काय म्हनतीन?” संध्याकाळपर्यंत ती गल्ली बिहार वाटत नव्हती, कानपूर वाटत नव्हती. सिंदी मेघे वाटत होती, आणि असलं काही कोणाला शूट करायचं नव्हतं.

सगळे खूश नव्हते. बापूजी चहावाले दुसऱ्या दिवशी दारात आले. “अनुसयाबाई, तुमी धंदा बसोला माहा.”

“शूटिंग करा नं बापूजी, कोन नाई म्हनते? माहेबी डबे जातात तिथी. पन आमाले काढून नाई. मानसं राहतात अशा घरात शूटिंग कराले काय झालं?”

“डायरेक्टर म्हनते, मानसं राह्यली तं घर खरं दिसत नाई.”

आईने त्यांच्याकडून पंधरा कप चहा मागवला, सगळ्या गल्लीसाठी. बापूजी थोडे शांत झाले.

तीस तारीख आली. आम्ही गेलो नाही. रूपराव खाली आले नाहीत, वरून ओरडलेही नाहीत. पांढऱ्या घराला दिवसाचं भाडं द्यायला कोणी तयार नव्हतं आणि महिन्याचं भाडं देणारे आम्हीच होतो. पण तोंडी करारावर किती दिवस? मी आणलेली रिकामी खोकी आई परत देऊ देत नव्हती.

दरम्यान योगेंद्र डाग परत आणायच्या मागे लागला. रामाजीकडे गेला, रामाजीने सुट्टीवर आहे असं सांगितलं, शिडीवर उभं राहून, हातात कुंचला असताना. मग त्याने बाहेरून माणसं आणली. समोरच्या घराच्या भिंतीवर त्यांनी चहा फेकला, कॉफी फेकली, तीन टँकर पाणी सोडलं. एक डाग उमटलाही. फोटो दिग्दर्शकाला गेला, तिकडून स्पीकरवर आवाज आला, “ये दर्द नहीं है. ये बत्तख है.” आम्ही सगळे पाहायला गेलो. खरंच बदक होतं, चोचीसकट.

मेच्या नऊ तारखेला योगेंद्र आमच्या दारात आला. सोबत रूपराव, मागे काकू.

“कथा बदलली,” योगेंद्र म्हणाला. “आता दुसऱ्या भागात नायिका घर साफ करते.”

“चांगलं झालं,” आई म्हणाली. “कोनीतरी तं केलं.”

“चारच दिवस लागतील. पण साहेबांची अट आहे. घर असंच पाहिजे. ही भिंत, ही भांडी, हे डब्यांचे हूक. बाई, तुम्ही गेल्या आणि यांनी परत काही फोडलं-तोडलं तर मी काय दाखवू?” त्याने रूपरावांकडे असं पाहिलं, की जणू ते बदक त्यांनीच काढलं होतं. “तुम्ही इथं राहणार असाल तरच चार दिवसांचे पैसे मिळतील यांना.”

रूपराव आईकडे बघू लागले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते काहीतरी मागायला खाली उतरले होते.

“राहतो,” आई म्हणाली. “कागदावर.”

माझं वाक्य अर्थातच कापलं गेलं. योगेंद्र म्हणाला, साफ घरात कोणी मरत नाही. मला वाटतं, तो राग होता. मला फार वाईट वाटलं. इथं गंमत करायची नाही मला. गोपालने पुढच्या महिन्यात एक बुडून मरायचं काम आहे असं सांगितलं आहे, पण त्यात तोंड पाण्याखाली असतं.

कचेरीसमोरच्या अर्जनवीसाकडे आम्ही चौघं गेलो. तीन वर्षांचा करार, नोंदणी करायचा. रूपरावांनी एक कलम स्वतः सांगून घातलं: ‘भाडेकरूने मालकाच्या लेखी परवानगीशिवाय घर साफ करू नये.’ अर्जनवीस टाइप करता करता थांबला, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

“तीस वर्षांत असं कलम लिहिलं नाही मी,” तो म्हणाला.

आईने त्याच्या खिशातला पेन उपसला आणि त्या ओळीवर एक रेघ मारली. कागद फाटेल इतकी जोरात. मग बाजूला, तिच्या सातवीच्या अक्षरात, लिहिलं: ओल आली तर मालकाने आठ दिवसांत दुरुस्त करावी. काकूंनी वाकून वाचलं आणि म्हणाल्या, “वरच्या मजल्यालेबी लावा हे.”

अर्जनवीसाने नवा कागद चढवला. रूपरावांनी दोनदा वाचला, पेन हातात घेतला आणि थांबले.

“अनुसयाबाई, अन् उद्या याच्याहून मोठा पिक्चर आला तं?”

“येऊ द्या नं भाऊजी,” आई म्हणाली. “आमी घरीच हाओ.”